अवसेचं मडकं

पायलने मडक्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. मग ती नुसती आपल्या तळव्याकडे बघत राहिली. बोटांच्या पेरांत आणि अंगठ्याखालच्या मऊ भागात बारीक सुया रुतल्या होत्या. काही आडव्या, काही उभ्या. रक्त फारसं नव्हतं. ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. दुसऱ्या हातातलं मडकं तिने सोडलं नव्हतं. त्याचं लाल कापड सुटून पाण्यावर पसरलं होतं.

ग्वारीघाटावर सकाळचे सात वाजले होते. वैशाखातली अवस असल्याने पायऱ्यांवर गर्दी होती. चार पायऱ्या वर, हातात माळ घेऊन बसलेल्या सुहासिनीबाईंना ते लाल कापड दिसलं आणि बोटांमधली माळ थांबली. दहा मिनिटांपूर्वी त्यांनीच ते मडकं नर्मदेत सोडलं होतं.

सुहासिनीबाई पांढरीपांडे यांना ग्वारीघाट रोडवरच्या त्यांच्या गल्लीत लोक कचऱ्यावरून ओळखत. ओला वेगळा, सुका वेगळा, हे सगळेच ऐकून होते. पाळत त्या एकट्या. भाजीची देठं कुंड्यांत जात. दुधाच्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत पडत. "काकूंकडे दुधाच्या पिशवीचीपण आंघोळ होऊन राहते," असं शेजारची श्रद्धा म्हणायची, आणि सुहासिनीबाई म्हणायच्या, "तुझ्याकडे माणसांची वेळेवर झाली तरी पुष्कळ." घाटावर कुणी पॉलिथिनसकट निर्माल्य टाकताना दिसलं की त्या त्याच्या हातातून पिशवी काढून घेत, फुलं वेगळी करून देत आणि रिकामी पिशवी पुन्हा त्याच्याच हातात ठेवत. लोक त्यांना टाळून पलीकडच्या पायऱ्यांनी उतरत.

अडतीस वर्षांपूर्वी त्या वर्ध्याहून लग्न होऊन जबलपुरात आल्या. पहिल्या अवसेला सासूबाई त्यांना घाटावर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घरच्या नळाला येते ती हीच. म्हणून हिच्यात चूळ टाकायची नाही." सुहासिनीबाईंनी ते आयुष्यभर पाळलं. चूळ तर नाहीच, साबणाचा हातही त्यांनी कधी नर्मदेत धुतला नाही.

नवरा नीलकंठराव फॅक्टरीत फिटर होते. बढती मिळून चार्जमन झाले आणि निवृत्त झाले. त्यांना साखर होती, आणि सात वर्षांपासून दिवसातून दोनदा इन्सुलिन. एवढं गल्लीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते दुसरंच. तेरा वर्षांपूर्वी एका ऑपरेशनमध्ये त्यांना रक्त द्यावं लागलं होतं, आणि पुढच्या वर्षी तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. ते रक्तातूनच आलं की आणखी कशातून, ते कुणी सांगू शकलं नाही. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं नाही, जेवण्याखाण्यातून पसरत नाही, रक्त तेवढं सांभाळायचं. सांडलेला थेंब वाळला तरी आठवडाभर त्यात रोग जिवंत राहतो. सुहासिनीबाईंनी लस घेतली. मुलगा आलोक तेव्हा कॉलेजात होता. त्यालाही दिली, कारण मात्र सांगितलं नाही. नीलकंठरावांचा वस्तरा वेगळा, नेलकटर वेगळं, टॉवेल निळा. फाईल साड्यांच्या खाली.

"कळलं तर माझ्या डब्याला कोणी हात लावणार नाही," नीलकंठराव तेव्हा म्हणाले होते. फॅक्टरीत दुपारचा डबा चौघे मिळून खात. त्यांनी कुणालाच कळू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गल्लीत कचऱ्याची गाडी आली असताना गाडीवरच्या बाईच्या बोटात कुणाच्या तरी पिशवीतली सुई घुसली. ती फुटपाथवर बसून बोट दाबत राहिली आणि सगळ्या गल्लीला शिव्या दिल्या. ती पिशवी सुहासिनीबाईंची नव्हती. पण असू शकली असती. त्यांच्याही सुया तोवर एका कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यातच जात होत्या. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. औषधाच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "डिब्बे में बंद करके कचरे में डाल दीजिए, आंटी." गाडीवाला म्हणाला, "डिब्बा खुलेगा तो हमारे ही हाथ में खुलेगा. मत दीजिए."

मग त्यांनी स्वतःच विचार केला. त्यांचा विचार नेहमीसारखाच नीटनेटका होता. सिरिंज प्लास्टिकची, ती नदीत जाणार नाही. सुई लोखंडाची, लोखंड पाण्यात गंजतं आणि त्याची माती होते. डबा प्लास्टिकचा, तो तरंगेल. मडकं मातीचं, ते बुडेल. पांढरं फडकं बांधलं तर अस्थी समजून नाविक पैसे मागायला येतात. लाल बांधलं तर पूजेचं वाटतं, कुणी विचारत नाही.

दर रविवारी दुपारी नीलकंठराव व्हरांड्यात पकड घेऊन बसत आणि आठवड्याच्या चौदा सिरिंजांच्या सुया मोडून देत. फिटरचा हात होता. सुई मुळाशी कट्‌ वाजून तुटायची आणि थेट मडक्यात पडायची. "पाहून घे, एक बाहेर गेली नाही," ते म्हणत. प्लास्टिकच्या नळ्या धुऊन सुक्या कचऱ्यात जात. अवसेच्या आदल्या रात्री उरलेल्याही सुया मोडल्या जात, मडक्याच्या तोंडावर लाल कापड बांधलं जाई, आणि दुसऱ्या दिवसापासून नवं मडकं. घाटावर त्या ते दोन्ही हातांनी पाण्यात सोडत आणि मनात म्हणत, मैया, सांभाळ. घरी परतताना त्यांना हलकं वाटत असे. गाडीवरच्या बाईचं बोट वाचलं, नदीत प्लास्टिकचा कण गेला नाही.

आता पायलच्या तळव्यात त्या सुया होत्या.

पहिली ओरडली ती सत्यभामा, पायलची सासू. घाटावर पानांचे द्रोण आणि कणकेचे दिवे विकायची. सुहासिनीबाई तिच्याचकडून दिवा घेत, कारण बाकीच्यांचे द्रोण थर्माकोलचे असत. सत्यभामाने टोपली टाकली, पाण्यात उतरून सुनेला बाहेर ओढलं, आणि मग मडक्यात डोकावून पाहिलं. आत साठेक सुया चमकत होत्या.

गर्दीला कळायला एक क्षण पुरला. लाल कापड, मडकं, अवस, सुया. यापुढे कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"टोटका है," कुणी तरी म्हणालं, आणि करणीच्या भीतीने पुढचे लोक दोन पायऱ्या मागे सरले.

"बहू नई है क्या?"

"पिछले माघ में ब्याह हुआ," सत्यभामा म्हणाली.

"पेट से तो नहीं है?"

पायलने मान खाली घातली. तेवढ्याने बायकांमध्ये एक लांब उसासा फिरला.

घाटावरच्या बायका असं पाण्यात उतरून पूजेचे कलश, मडकी काढतात, हे सुहासिनीबाईंना माहीत होतं. कलशात नाणं असतं, सुपारी असते, कधी चांदीचा तुकडा. अडतीस वर्षं त्या हे बघत होत्या. आपलंही मडकं कुणी काढेल, हे त्यांच्या मनात चोवीस महिन्यांत एकदाही आलं नव्हतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं हेही त्यांना माहीत होतं. या गोष्टी त्यांनी एकमेकींशेजारी कधी ठेवूनच पाहिल्या नव्हत्या.

त्या उठल्या. तोंड उघडलं. शेजारच्या अनोळखी बाईने त्यांचा पदर धरून मागे ओढलं. "अम्मा जी, पीछे हटिए. बड़े घर की लगती हैं, छाया पड़ जाएगी."

आणि सुहासिनीबाई मागे हटल्या.

नीलकंठराव चहा पीत होते. समोर पेपर उघडा होता. सुहासिनीबाईंनी चपला दारातच काढल्या, पाय न धुता आत आल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना बाहेरून ऐकू येत होता.

नीलकंठरावांनी कप खाली ठेवला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा:

"तुला कोणी पाहिलं काय?"

सुहासिनीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. अडतीस वर्षांत या माणसाने कुणाची दोन रुपयांची वस्तू ठेवून घेतली नव्हती.

"अहो, पोरगी आहे ती. वीस-बावीस वर्षांची."

"दवाखान्यात नेतीलच ना."

"कोण्या गुनियाकडे नेऊन राहिले, मांत्रिकाकडे. करणी समजले ते. सुया उपटून ताटलीत घेतल्या, कोणी साबणाने हातसुद्धा धुतला नाही तिचा."

"पाण्याने धुऊन निघालं असेल सगळं."

"दहा मिनिटं झाली होती मडक्याला. शेवटच्या सुया कालच्या आहेत. कालच रात्रीची एक आहे त्यात."

नीलकंठरावांनी पेपरची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी. "काहून हात घालतात हे लोक दुसऱ्याच्या पूजेत," ते हळू म्हणाले.

"पूजा होती काय ती?"

सुहासिनीबाईंनी कपाट उघडून साड्या बाजूला केल्या. फाईल हातात आली तेव्हा मागून आवाज आला, "सुहास, बारा वर्षं झाली. डब्यातल्या नारायणरावालापण माहीत नाही."

"डॉक्टर म्हणाले होते, चोवीस तासांच्या आत इंजेक्शन घेतलं तर वाचतो माणूस. मला पाठ आहे ते. आपल्यासाठी पाठ केलं होतं."

"जा मग. पण नाव झाकून दाखव."

"नाव झाकलं तर तो कागद कोणाचा राहिला?" सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांनी फाईल पिशवीत घातली आणि तशाच बाहेर पडल्या.

सत्यभामाचं घर घाटाच्या मागच्या वस्तीत होतं. पत्र्याचं छप्पर, दारात वाळत घातलेले द्रोण. आत सात-आठ माणसं दाटीने बसली होती. मधोमध पायल, हात पुढे धरून. तळव्यावर हळद आणि चुन्याचा जाड थर होता, मनगटाला काळा धागा. तिच्यासमोर पाटावर बसलेला गुनिया काही पुटपुटत तांदूळ उडवत होता. ताटलीत ओढून काढलेल्या सुया आणि बाजूला ते मडकं. पायलचा नवरा वीरेंद्र, घाटावरचा नाविक, होडी बांधून ओल्या कपड्यांनिशी दाराला टेकून उभा होता.

सुहासिनीबाई उंबऱ्यातच थांबल्या. हिंदी त्यांना अडतीस वर्षांत कधी अडली नव्हती. आज वाक्य जुळायला वेळ लागला.

"सत्यभामा, वो मटकी मेरी है."

गुनियाचा हात थांबला.

"आपकी?"

"मैंने ही छोड़ी थी. आज सुबह."

गुनियाने दीर्घ श्वास घेतला. "मिल गई," तो म्हणाला. "मैंने कहा था ना, सूरज चढ़ने से पहले खुद चलकर आएगी."

सुहासिनीबाईंना आधी अर्थच लागला नाही. मग त्यांना दिसलं की दाराजवळची बाई आपल्या मुलाला पदराआड घेते आहे. त्यांच्यापासून.

"नाही, नाही, तसं नाही," त्या मराठीतच म्हणाल्या. "सुनो. मेरे घर में बीमारी है. मेरे पति को. ये सुइयाँ उनकी हैं, उनका खून लगा है इनमें."

सत्यभामा उठून पुढे आली. सकाळी दिवा देताना ती हसून "राम-राम अम्मा जी" म्हणाली होती. "तो आपके घर की बीमारी," ती एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "आप मटकी में भरके नदी में उतार गईं. कि कोई दूसरा उठा ले. और हमारी बहू ने उठा ली."

सुहासिनीबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. सत्यभामा ज्याला उतारा समजत होती तो उतारा नव्हता. पण घरातला रोग मडक्यात भरून बाहेर नेला होता, पाण्यात सोडला होता आणि तो दुसऱ्याच्या अंगाला लागला होता. यातलं नेमकं खोटं काय, हे त्यांना सांगता येईना.

"हाँ," त्या म्हणाल्या. "वही किया. मालूम नहीं था, पर वही किया."

कुणी तरी शिवी दिली. वीरेंद्र दारातून आत आला. सुहासिनीबाईंनी पिशवीतून फाईल काढून पुढे धरली. कुणीच ती घेईना. कागदालाही हात लावायला लोक तयार नव्हते.

"दिखाइए," पायल म्हणाली.

सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली होती. तिने डाव्या हाताने फाईल घेतली, मांडीवर उघडली. बारावीपर्यंत ती शिकली होती, जीवशास्त्र घेऊन; पुढे लग्न झालं. ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली.

"हेपेटाइटिस बी," ती म्हणाली. "ये काला पीलिया वाला ही है ना?"

"हाँ."

"नीलकंठ पांढरीपांडे आपके पति?"

"हाँ."

"इंजेक्शन होता है इसका?"

"होता है. आज ही लगना चाहिए. मैं लेकर चलती हूँ, अभी."

पायलने फाईल बंद केली आणि उठली. गुनिया म्हणाला, "बैठ जा बेटी, बंधन अधूरा है. धागा टूटेगा तो उल्टा पड़ेगा."

"पड़ने दीजिए," पायल म्हणाली, आणि सासूच्या अंगावरून दाराबाहेर गेली.

ऑटोत तिघी बसल्या. मागून वीरेंद्र मित्राच्या गाडीवर. सत्यभामा मध्ये बसली होती, सुनेला सुहासिनीबाईंचा स्पर्श होऊ नये म्हणून. सगळ्या वाटेत ती एकच वाक्य परत परत म्हणत होती. "पढ़ी-लिखी औरत. पॉलिथिन पर हमको डाँटती थी. पढ़ी-लिखी औरत."

सरकारी हॉस्पिटलच्या अपघात विभागात ड्युटीवर डॉ. सुमेध रामटेके निघाला. सुहासिनीबाईंना त्या क्षणी मागे वळावंसं वाटलं. सुमेध नारायणराव रामटेक्यांचा मुलगा, आणि नारायणराव म्हणजे त्या चौघांच्या डब्यातले एक. सुमेधने पायलचा हात नळाखाली धरून साबणाने बराच वेळ धुवायला लावला. हळद-चुना निघाला तेव्हा खाली अकरा लाल ठिपके दिसले. नर्स फॉर्म घेऊन आली.

"सुई कोणाची, ते माहीत आहे काय, काकू?" सुमेधने विचारलं. "माहीत असलं तर पुष्कळ सोपं होतं."

"नीलकंठ वामन पांढरीपांडे. वय अडुसष्ट. हिपॅटायटिस बी, बारा वर्षांपासून."

सुमेधने लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"आमच्याकडे कोणालाच?"

"कोणालाच नाही, बेटा."

त्याने पेन उचललं. पुढचं सगळं तो पेशंटशी बोलावं तसं बोलला. पायलचं रक्त घेतलं. लसीचा पहिला डोस दिला; पोटुशी असली तरी चालतो, म्हणाला. तयार प्रतिकारशक्तीचं दुसरं एक इंजेक्शन लागतं, ते तिथे शिल्लक नव्हतं. त्याने तीन ठिकाणी फोन केले आणि नेपियर टाउनमधल्या एका दुकानातून वीरेंद्र ते बर्फात घेऊन आला. नर्सने ते पायलच्या दंडात दिलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

"काकांना बोलवा," सुमेध म्हणाला. "त्यांचंही रक्त लागेल. आणखी काही नाही ना, ते पाहायला हवं."

सुहासिनीबाईंना वाटलं, ते येणार नाहीत. फोनवर त्यांनी फक्त हॉस्पिटलचं नाव आणि सुमेध ड्युटीवर आहे एवढंच सांगितलं. मग नीलकंठराव म्हणाले, "अच्छा."

अर्ध्या तासाने ते आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती. बाकावर पायलच्या शेजारी जागा होती, पण ते तिथे बसले नाहीत, उभेच राहिले. सत्यभामाने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिने मनात काय कल्पना केली होती कोण जाणे. समोर एक वाळका म्हातारा होता आणि तो नर्सला विचारत होता, "कोणता हात देऊ?"

रक्त देऊन झाल्यावर ते पायलकडे वळले. "बेटा," ते म्हणाले, "सुइयाँ मैंने तोड़ी थीं. प्लायर से. ढक्कन भी निकाल देता था."

"ढक्कन क्यों निकाला?" पायलने विचारलं.

"प्लास्टिक का था," नीलकंठराव म्हणाले.

पायल हसली नाही. ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. लहान मुलाने काही तरी भयंकर पण फार मन लावून केलेलं असावं, तशा नजरेने.

सुमेधने निघताना कागद दिला. दुसरा डोस एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. मधे तपासण्या. "वेळेत आलात म्हणून धोका पुष्कळ कमी झाला," तो पायलला हिंदीत म्हणाला. "पण पक्कं सहा महिन्यांनीच सांगता येईल. तोवर घरात, नवरा-बायकोतही काळजी घ्यायची." वीरेंद्रने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग सुमेधने सुहासिनीबाईंना बाजूला घेतलं. "काकू, हे किती दिवसांपासून करून राहिले तुम्ही?"

"दोन वर्षं. दर अवसेला एक."

"म्हणजे चोवीस मडकी."

"हो. पण जुन्या गंजून गेल्या असतील ना? लोखंडाची माती होते."

सुमेध म्हणाला, "ती लोखंडाची नाही, काकू. स्टेनलेस स्टील आहे. पोटात टोचायची वस्तू गंजून कसं चालेल? ती तुमच्या-माझ्यानंतरही तशीच राहील."

साठ सुया, चोवीस वेळा. सुहासिनीबाईंनी गुणाकार करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. मागे पायल उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मराठी तिला येत नव्हती, पण चोवीस म्हणजे चौबीस, हे कळायला भाषा लागत नाही.

"बाकी की कहाँ डालीं?" तिने विचारलं.

"वहीं. उसी सीढ़ी से."

"वहाँ तो बच्चे नहाते हैं," पायल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरेंद्र आणि त्याचे दोन सोबती कमरेला दोर बांधून, पायांत जाड बूट घालून त्या पायरीसमोर पाण्यात उतरले. सुहासिनीबाई सहा वाजल्यापासून तिथे होत्या. हातात रबरी मोजे होते आणि सुमेधने दिलेला जाड प्लास्टिकचा, पांढरा, सुया टाकायचा डबा. हॉस्पिटलातून तो फुकट मिळतो, भरला की परत घेतात, हे त्यांना काल कळलं होतं. दोन वर्षं त्यांनी औषधाच्या दुकानात विचारलं, गाडीवाल्याला विचारलं. हॉस्पिटलला विचारायचं सुचलं नव्हतं. नदी जवळ होती.

पायल वरच्या पायरीवर बसली होती, उजव्या हाताला पांढरी पट्टी. सत्यभामाने आज दिव्यांची टोपली आणली नव्हती.

पहिलं मडकं वर आलं. लाल कापड कुजून तपकिरी झालं होतं.

"खोलिए, अम्मा जी," पायल म्हणाली. "आप ही खोलिए."

सुहासिनीबाईंनी कापड फाडलं. चिखल निघाला, आणि चिखलात सुया. गंजलेली एकही नव्हती. धुतल्यावर काल मोडल्यासारख्या दिसत होत्या.

दुसरं मडकं. लाल कापड. सुहासिनीबाईंनी उघडलं आणि थांबल्या. आत गोळ्यांची पाकिटं होती, अर्धी वापरलेली, डझनभर. हृदयाची, थायरॉईडची, झोपेची. कुणाच्या तरी वडिलांची किंवा आईची, वारल्यानंतर घरात ठेवायची नाहीत म्हणून आणलेली. गोळ्या विरघळून पाकिटं रिकामी झाली होती.

तिसऱ्यात फुटलेला थर्मामीटर. त्यातला पारा मडक्याच्या तळाशी एका थेंबात गोळा होऊन हलत होता. चौथ्यात दातांची कवळी, चष्मा आणि कानाच्या यंत्राचे फुगून फुटलेले सेल. पाचवं त्यांचं. सहाव्यात फडक्यात बांधलेले केस, झडलेले, एका मोठ्या आजारपणाचे. घाटावरच्या लोकांनी आता गोल केला होता. कुणी टोटका म्हणत नव्हतं. प्रत्येक मडकं उघडलं की कुणी तरी नजर खाली करत होतं. एक जाडसर गृहस्थ कवळीचं मडकं उघडल्यावर शांतपणे गर्दीतून निघून गेले.

सातव्यात सुया होत्या. सुहासिनीबाईंनी डब्यात ओतायला मडकं कलतं केलं आणि त्यांच्या लक्षात आलं, या जाड आहेत. मुळाशी मोडलेल्या नाहीत, कात्रीने कापलेल्या आहेत. या त्यांच्या नव्हत्या.

त्यांना इतकी वर्षं वाटत होतं, ही युक्ती आपल्या एकटीची.

दुपारपर्यंत एकवीस मडकी निघाली. त्यातली त्यांची सहा. वीरेंद्र दोर सोडवत वर आला आणि पायरीवर बसला. बुटाच्या तळव्यात रुतलेल्या दोन सुया त्याने पकडीने ओढून काढल्या. "बाकी फूट गई हैं," तो म्हणाला. "ऊपर बांध से पानी छूटता है तो पत्थरों पर घिसटती हैं. नीचे रेत में बिखरी पड़ी हैं सब. अब हाथ नहीं आएँगी."

"किती?" सुहासिनीबाईंनी विचारलं. तो त्यांच्याकडे बघत राहिला. किती ते त्यांनाच माहीत होतं.

उन्हं चढली होती. दोन बायका कोरड्या साड्या खांद्यावर टाकून पायऱ्या उतरत आल्या. एकीबरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी होती, अनवाणी. सुहासिनीबाई उठून त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"यहाँ मत उतरिए."

"क्यों? गहरा है?"

"सुइयाँ हैं नीचे. बीमार आदमी की. लग गई तो काला पीलिया हो सकता है."

"हाय राम. नर्मदा जी में? कौन डाल गया?"

मागे पायल बसली होती, सत्यभामा उभी होती, आणि गल्लीतली दोन ओळखीची माणसं वरच्या पायरीवर येऊन थांबली होती. सुहासिनीबाईंनी त्यांनाही पाहिलं.

"मैंने," त्या म्हणाल्या. "मेरे पति की हैं. पांढरीपांडे. यहीं रहते हैं, ग्वारीघाट रोड पर."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पट्टी बांधलेल्या पायलकडे पाहिलं. तिने मुलीचा हात घट्ट धरला. मग ती दहा पावलं बाजूला सरकली, पाण्याला नमस्कार केला, आणि तिथून मुलीला घेऊन खाली उतरली.